जंतूला वेळ कशी कळते?



पर्लकोटा नदी चढली की भामरागड तुटते, हे चंद्रपूर-गडचिरोलीत कुणाला सांगायला नको. पुलावरून पाणी गेले की आजारी माणूस एका काठाला आणि गाडी दुसऱ्या काठाला. आपण अशा वेळी पाणी कधी उतरेल याचा अंदाज घेत बसतो. त्याच वेळी त्या माणसाच्या आतड्यात किंवा रक्तात आणखी कुणीतरी अंदाज घेत असते. मी कुठे आलो आहे, इथे ऊब किती, लोह मिळते का, माझ्यासारखे आणखी किती जण इथे आहेत, आणि आता विष सोडायचे की थांबायचे? जंतूला मेंदू नाही, नजर नाही. तरी हे प्रश्न तो सोडवतो, आणि बहुतेक वेळा बरोबर सोडवतो. तो ते कसे करतो, हा आजचा विषय आहे.

जंतू म्हणजे विषाची पिशवी, शरीरात शिरली की फुटते, असे चित्र आपल्या मनात असते. हे चित्र चुकीचे आहे. रोग करणाऱ्या बहुतेक जंतूंकडे विष बनवण्याची कृती जनुकांत लिहिलेली असते, पण ते विष सतत बनवत नाहीत. असे विष बहुधा प्रथिन असते. प्रथिन बनवायला ऊर्जा लागते, आणि बनवून ते पेशीच्या भिंतीपलीकडे पोचवायला वेगळी यंत्रणा लागते. नदीच्या पाण्यात तरंगणाऱ्या जंतूने हा खर्च केला तर तो शेजारच्या काटकसरी जंतूपुढे मागे पडेल. उलट शरीरात पोचूनही ज्याने विष बनवले नाही, त्याला तिथे टिकता येणार नाही. या दोन्हींच्या मधे जी निवड लाखो वर्षे चालली, तिच्यातून जंतूंना परिस्थिती ओळखणारी प्रथिने मिळाली. ही प्रथिने विषाच्या जनुकाच्या तोंडाशी जाऊन बसतात किंवा तिथून उठतात. ती बसली की काही ठिकाणी जनुक बंद होते, काही ठिकाणी सुरू होते. एवढीच मूळ युक्ती आहे, पण प्रत्येक जंतूने ती आपल्या परीने वापरली आहे.

विष जंतूच्या शरीराबाहेर येऊन काम करते, हे कॉलऱ्याच्या बाबतीत प्रयोगाने दाखवले ते एका भारतीयाने. रॉबर्ट कॉखने १८८४ मध्ये कोलकात्यात कॉलऱ्याचा जंतू ओळखला आणि तो विष सोडत असावा असा तर्कही केला. पण पुढची सत्तरेक वर्षे ते विष कुणाच्या हाती लागले नाही, कारण लोक ते रक्तात शोधत होते. शंभुनाथ दे यांनी सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्हीकडून दोऱ्याने बांधला आणि जंतू गाळून काढलेले नुसते द्रव त्यात सोडले. आतडे पाण्याने फुगले. जंतू एकही नव्हता, तरी रोगाची खूण उमटली. १९५९ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात हा निबंध आला. प्रयोगाला लागले ते ससा, दोरा आणि गाळणी. ज्यांना आपल्या प्रयोगशाळेत साधने नाहीत अशी तक्रार करायची सवय आहे, त्यांनी हा निबंध जरूर वाचावा. दे १९८५ मध्ये वारले. देशात त्यांचा मोठा सन्मान झाला नाही, ही आपल्याकडची जुनी रीत.

आता या विषाचे नियंत्रण पाहू. कॉलऱ्याचा जंतू खाडीच्या, तळ्याच्या पाण्यात सूक्ष्म कवचधारी प्राण्यांच्या अंगावर राहतो. तिथे तो विष बनवत नाही. पाण्यासोबत पोटात गेला, जठराच्या आम्लातून वाचला आणि लहान आतड्यात आला की त्याच्या आवरणात रुतलेली टॉक्सआर आणि टीसीपीपी ही प्रथिने बदललेली परिस्थिती टिपतात. ती टॉक्सटी नावाच्या आणखी एका प्रथिनाची निर्मिती सुरू करतात. टॉक्सटी मग दोन कामे एकदम करते. आतड्याला चिकटण्यासाठी लागणारे केसासारखे तंतू बनवायला लावते आणि विषाचे जनुक उघडते. या साखळीतली सर्वांत देखणी गोष्ट पुढे आहे. आतड्याच्या पोकळीत पित्तासोबत जी मेदाम्ले असतात ती टॉक्सटीला चिकटून ते निकामी ठेवतात. आतड्याच्या भिंतीजवळ मात्र शरीर स्वतः बायकार्बोनेट सोडते, आणि बायकार्बोनेट लागले की टॉक्सटी जोमाने कामाला लागते. म्हणजे जंतू आतड्यात असून भागत नाही, तो भिंतीला लागला पाहिजे. पोकळीत सोडलेले विष मळात वाहून जाईल. भिंतीशी सोडलेले नेमके पेशीत शिरेल. हा फरक अंतराने पाहिला तर केसाएवढाही नाही, आणि जंतू तो आपल्याच शरीराच्या रसायनांवरून ओळखतो.

पेशीत शिरलेले विष तिथली एक कळ कायमची दाबून धरते. पेशी क्षार बाहेर फेकते, क्षारामागे पाणी जाते, आणि गंभीर रुग्ण तासाला लिटरभर पाणी गमावू शकतो. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब म्हणतात ते हेच. त्यावरचा उपाय आपल्याला ठाऊक आहे, मीठ-साखरेचे पाणी. १९७१ च्या निर्वासितांच्या लोंढ्यात बनगावच्या छावणीत दिलीप महालनबीस यांनी ते मोठ्या प्रमाणावर वापरून दाखवले. हे विष पेशीचा एक दरवाजा उघडते, पण साखरेसोबत मीठ आत घेणारा दुसरा दरवाजा त्याला बंद करता येत नाही, म्हणून ही युक्ती चालते. २०२२ च्या जुलैत मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत कॉलऱ्याने माणसे दगावली. लोक उघड्या विहिरीचे पाणी पीत होते. मेळघाटाच्या जागी आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही दूरच्या टोल्याचे नाव घाला, पावसाळ्यातले चित्र फार वेगळे असणार नाही.

कॉलऱ्याचा जंतू आणखी एक गोष्ट मोजतो, आपली संख्या. प्रत्येक जंतू एक लहान रेणू बाहेर सोडत असतो. जंतू थोडे असतील तर तो रेणू विरून जातो, पुष्कळ असतील तर साचतो. साचलेला रेणू हा गर्दीचा पुरावा. शास्त्रज्ञांनी या व्यवस्थेला सभेच्या कोरमचे नाव दिले आहे. आपल्या मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेत निर्णय सर्वसहमतीने होतो. जंतूंच्या सभेत चर्चा नाही, विरोध नाही, डोकी भरली की ठराव आपोआप मंजूर. पण ठराव कोणता, हे जंतूनुसार बदलते, आणि इथे कॉलऱ्याचा जंतू आपल्याला चकवतो. आपल्याला वाटते की गर्दी झाली की हल्ला होईल. तो उलट करतो. संख्या कमी असताना विष आणि तंतू बनवतो. संख्या वाढली की हॅपआर नावाचे प्रथिन विषाची साखळी बंद करते आणि जंतू आतड्याची पकड सोडवणारे विकर बाहेर टाकतो. काम झाले, आता जुलाबावाटे बाहेर पडून पुढच्या पाणवठ्याकडे निघायचे. रुग्णाला होणारे जुलाब हे जंतूच्या दृष्टीने प्रवासाचे साधन आहे, हे ध्यानात घेतले की उघड्यावरचा मळ आणि विहीर यांचे नाते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आता घटसर्प. या जंतूवर मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण त्याचा संकेत लोह आहे, आणि लोहाविषयी बोलायला या दोन जिल्ह्यांहून चांगली जागा नाही.

फ्रीडरिष लोफ्लरने १८८४ मध्ये घटसर्पाने मेलेल्या मुलांच्या घशात जंतू पाहिले. हृदय, मज्जातंतू खराब झालेले होते, पण तिथे जंतू नव्हते. तेव्हा घशातून काहीतरी दूरवर जात असले पाहिजे, असे त्याने म्हटले. चार वर्षांनी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये रू आणि येरसँ यांनी ते विष गाळून वेगळे केले. पुढे कळले की हे विष पेशीतली प्रथिने बनवण्याची क्रिया थांबवते, आणि पेशीत त्याचा एक रेणू शिरला तरी ती पेशी मरायला पुरतो. मग १९५१ मध्ये आणखी एक चमत्कारिक गोष्ट समोर आली. विषाचे जनुक मुळात जंतूचे नाहीच. ते जंतूला लागणाऱ्या एका विषाणूने त्याच्यात आणून बसवलेले आहे. ज्या जंतूला तो विषाणू लागला नाही, तो घशात राहिला तरी घटसर्पाचे विष सोडू शकत नाही.

जनुक पाहुण्याचे, पण ते चालू करायचे की बंद ठेवायचे हे ठरवते घरच्याचे प्रथिन. त्याचे नाव डीटीएक्सआर. त्याला लोहाचे अणू मिळाले की ते जनुकाच्या तोंडाशी बसते आणि विष बंद. लोह संपले की त्याची पकड सुटते आणि विष सुरू. १९३६ मध्ये पॅपनहायमर आणि जॉन्सन यांनी हे द्रवात दाखवले होते, डीटीएक्सआरचा पत्ता लागण्याच्या कितीतरी आधी. जंतूच्या अन्नद्रवात लोह जास्त पडले की जंतू वाढतो, पण विष देत नाही. लस बनवणाऱ्यांना हे फार महत्त्वाचे होते. घटसर्पाची लस म्हणजे फॉर्मालिनने निरुपद्रवी केलेले तेच विष. विष हवे, तर जंतूला लोहाच्या उपाशी ठेवावे लागते. ज्या बाटलीत हे नीट जमले नाही ती लसनिर्मितीच्या कामाची नाही.

माणसाच्या शरीरात लोह काही कमी नाही. पण ते मोकळे नसते. रक्तात ट्रान्सफेरिन, लाळेत आणि अश्रूत लॅक्टोफेरिन, पेशींत फेरिटिन, तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन, अशी प्रथिने एकेक अणू धरून ठेवतात. ताप आला की यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक वाढवते आणि आतड्यातून रक्तात येणारे लोहही रोखले जाते. हा आपल्या शरीराचा फार जुना बचाव आहे. जंतूला उपाशी मारायचे. घटसर्पाच्या जंतूने नेमका हाच बचाव ओळखीची खूण म्हणून वापरला. लोह मिळेनासे झाले, म्हणजे मी माणसाच्या शरीरात आहे, म्हणजे विष सुरू. विषाने पेशी मरतात आणि मेलेल्या पेशींतून थोडेफार लोह सुटते, हाही त्याचा एक फायदा असावा असे मानतात.

एटापल्ली तालुक्यात सूरजागडचे डोंगर लोहखनिजाने भरलेले आहेत. त्याच भागातल्या बायकांच्या रक्तात लोह कमी, हे इथले जुने दुखणे. म्हणून इथे एक गैरसमज आताच काढून टाकतो. लोह कमी असताना घटसर्पाचा जंतू विष सोडतो हे खरे, पण म्हणून लोहाच्या गोळ्यांनी घटसर्प टळत नाही. गोळीतले लोह शरीर लगेच प्रथिनांत बांधून टाकते, घशाच्या पडद्यावर ते मोकळे पडत नाही. उलट दुसरेही कुणी म्हणेल की जंतूला लोह लागते, तर गरोदर बाईला लोह देऊ नये. तेही चूक. रक्तक्षय झालेली बाळंतीण थोड्याशा रक्तस्रावानेही दगावू शकते. लोहाची गोळी ही रक्तासाठी आहे, जंतूसाठी नाही. घटसर्पाचा उपाय लस आहे. ती विषालाच ओळखते, जंतूने विष कधीही सोडले तरी. जंतूच्या निर्णयप्रक्रियेशी झगडण्याऐवजी निर्णयाचा परिणामच निकामी करायचा, हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा शोध आजही या क्षेत्रातला सर्वांत यशस्वी उपाय आहे असे माझे मत आहे. धनुर्वाताचेही तसेच.

तापमानाची खूण कशी वापरली जाते हे प्लेगने शिकवले, आणि तो धडा आपल्या मुंबईतूनच सुरू होतो. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या खोलीत लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली.  पण ऊब ही या जंतूची खूण आहे, हे बऱ्याच वर्षांनी कळले. १९३२ मध्ये लंडनमध्ये शुत्झ यांनी दाखवले की प्लेगचा जंतू ३७ अंशांवर वाढवला तर त्याच्याभोवती प्रथिनाचे एक आवरण येते, २६ अंशांवर ते जवळजवळ येत नाही. २६ अंश म्हणजे पिसवाचे तापमान, ३७ म्हणजे माणसाचे. त्याच उबेवर जंतू आपल्या संरक्षक पेशींमध्ये सुईसारख्या यंत्रणेतून विषारी प्रथिने टोचायलाही सज्ज होतो. इथे खूण टिपणारे प्रथिन नाही, तर संदेशवाहक आरएनएच आहे. थंडीत त्याची घडी पडलेली असते, ऊब लागली की घडी सैल होते आणि प्रथिन बनू लागते. पिसवातून माणसात गेल्याची वर्दी त्याला आणखी कुणी द्यावी लागत नाही. डांग्या खोकल्याच्या जंतूचेही असेच, शरीराच्या उबेत विष, थंडीत बंद. कॉलऱ्याचा मात्र पुन्हा अपवाद. त्याचा क्लासिकल प्रकार प्रयोगशाळेत ३० अंशांवर ३७ पेक्षा जास्त विष देतो. एका जंतूचा नियम दुसऱ्याला लावू नये, ही या विषयाची पहिली शिस्त आहे.

ऊब म्हटली की चंद्रपूरकरांना कुष्ठरोग आठवला पाहिजे, कारण तो जंतू गारव्याचा शोधक आहे. नाक, कान, बोटे, त्वचेजवळचे मज्जातंतू, म्हणजे शरीराचे थंड भाग, हे त्याचे घर. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती काढली आणि १९५१ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले, तेव्हा या जंतूबद्दल फार थोडे ठाऊक होते. हॅन्सनने तो १८७३ मध्ये नॉर्वेत पाहिला होता, पण काचपात्रात तो आजतागायत कुणाला वाढवता आलेला नाही. कोलकात्यात शिकत असताना बाबांनी जंतू वाढवण्याच्या प्रयोगासाठी स्वतःचे शरीर देऊ केले. जंतू तिथेही वाढला नाही. १९६० मध्ये शेपर्ड यांना उंदराच्या तळपायात तो वाढवता आला, १९७१ मध्ये आर्माडिलो या अमेरिकन प्राण्यात. दोन्हीकडे कारण तोच गारवा. दुप्पट व्हायला त्याला जवळजवळ दोन आठवडे लागतात.

हा जंतू आपल्या विषयाला छेद देतो. कुष्ठरोगाचा जंतू कॉलऱ्यासारखे, घटसर्पासारखे विष सोडत नाही. २००१ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला, तमिळनाडूतल्या रुग्णाकडून आलेल्या जंतूचा. त्यात काम करणारी सुमारे १,६०० जनुके निघाली आणि अकराशेहून जास्त मोडलेली, निकामी. क्षयाच्या जंतूकडे चार हजारांच्या घरात चालू जनुके आहेत. दोघे एकाच कुळातले. क्षयाच्या जंतूकडे परिस्थितीप्रमाणे जनुकांचे गट चालू करणारे सिग्मा घटक तेरा आहेत, कुष्ठाकडे चार उरले. ज्याने हजारो वर्षे माणसाच्या पेशींतच राहणे पत्करले, त्याला परिस्थिती बदलल्याची खूण ओळखण्याची गरजच उरली नाही, आणि गरज गेली तसे जनुक मोडत गेले. एवढी पडझड होऊनही त्याने एक गोष्ट टाकली नाही. ईएसएक्स-१ ही प्रथिने बाहेर सोडणारी यंत्रणा दोघांकडे शाबूत आहे. क्षयाच्या लशीसाठी वापरतात त्या बीसीजी जंतूने नेमकी हीच यंत्रणा गमावलेली आहे, आणि तो निरुपद्रवी असण्याचे ते एक मुख्य कारण. कुष्ठाच्या जंतूने एवढे सगळे सोडून हीच ठेवली, यावरून तिचे मोल कळते.

क्षयाच्या जंतूत ही यंत्रणा कोण हलवते, याची एक छोटी गोष्ट आहे. १९०५ मध्ये अमेरिकेतल्या एका रुग्णापासून मिळालेल्या जंतूच्या दोन शाखा प्रयोगशाळांत चालत आल्या. एक रोग करणारी, एक न करणारी. कितीतरी दशके यातले कारण सापडत नव्हते. आम्ल टिपणाऱ्या फोपी या नियंत्रकात एका अमिनो आम्लाचा फरक निघाला. विषारी प्रथिनांची जनुके दोन्हींत सारखी होती. दुबळ्या शाखेत फोपीची पकड ढिली झाली आणि ईएसएक्स-१ मधून बाहेर पडणारे प्रथिन थांबले. एकच अक्षर सगळे करत नसेलही, पण मोठा वाटा त्याचा आहे.

कुष्ठरोगात बोटे झिजतात ती जंतूच्या विषाने नव्हे. मज्जातंतू बधिर होतो, जखम कळत नाही, आणि शरीराची स्वतःची प्रतिक्रिया बरेच नुकसान करते. शंभरातल्या पंचाण्णव माणसांना हा रोग लागतही नाही. बाबा आमट्यांना भेटलेला कुष्ठरोगी तुळशीराम ज्या भीतीपायी एकटा पडला ती भीती जंतूच्या गुणांपेक्षा फारच मोठी होती. आज बहुविध औषधोपचार सहा ते बारा महिन्यांत जंतू मारतो. रिफाम्पिसिन सुरू झाले की थोड्याच दिवसांत रुग्ण इतरांना रोग देत नाही. तरी आपल्या दोन्ही जिल्ह्यांत नवे रुग्ण अजून सापडतात.

शेवटी नवजात बाळाकडे येतो, कारण जंतूचा वेळेचा निर्णय आणि माणसाचा वेळेचा निर्णय यांची गाठ इथे सर्वांत घट्ट पडते.

स्टॅफिलोकोकस हा जंतू निरोगी माणसाच्या नाकात, कातडीवर गुमान राहतो. तोही गर्दी मोजतो, पण कॉलऱ्याच्या उलट. संख्या कमी असताना तो चिकटण्याची प्रथिने बनवतो. नाळेच्या जखमेत किंवा गळवात गर्दी झाली की एजीआर ही व्यवस्था पेटते, आरएनए-तीन नावाचा रेणू बनतो, चिकटण्याची प्रथिने कमी होतात आणि पेशींना भोके पाडणारी विषे बाहेर पडतात. ज्या क्षणी हे होते त्या क्षणाआधी औषध पोचले पाहिजे. बाळाच्या बाबतीत हा अवधी काही तासांचा असतो.

अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. त्यांनी या अवधीचा प्रश्न दवाखान्यात नव्हे, गावात सोडवला. ३९ गावांत, थोडेच शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण दिले. बाळ दूध ओढेनासे झाले, रडणे मंद पडले, अंग सैल पडले, हाताला गार लागले, श्वास मिनिटाला साठाच्या वर गेला, अशा सात लक्षणांपैकी कोणतीही दोन एकदम दिसली की जंतुदोष समजून घरीच जेंटामायसिनची सुई आणि तोंडाने औषध. रक्ताची तपासणी नाही. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. जेंटामायसिन जंतूच्या प्रथिने बनवणाऱ्या यंत्रालाच जाऊन बसते, त्यामुळे जंतू मरतो आणि तो मरेपर्यंत विषाचीही बनावट बिघडते. पण माझ्या मते या यशाचे खरे कारण औषध नाही. निर्णय घेणारी बाई बाळापासून दहा मिनिटांच्या अंतरावर होती, हे आहे. जंतू तासांत ठरवतो. आपली रुग्णवाहिका नदी उतरण्याची वाट पाहत असेल तर तो जिंकणारच. तज्ज्ञांनी या प्रयोगावर पुष्कळ शंका घेतल्या, अशिक्षित बाईच्या हाती सुई कशी द्यायची म्हणून. पुढे देशाने आशा स्वयंसेविकांमार्फत नवजाताची घरची काळजी स्वीकारली, पण सुईचा भाग बऱ्याच ठिकाणी मागे राहिला. ते योग्य झाले असे मला वाटत नाही.

प्रतिजैविकांबद्दल एक कडू गोष्ट सांगितलीच पाहिजे. पेनिसिलीनच्या कुळातले औषध मारण्यापुरते नसेल, नुसतेच थोडे असेल, तर स्टॅफिलोकोकस घाबरून गप्प बसत नाही. प्रयोगशाळेत असे दिसले आहे की अशा अपुऱ्या मात्रेत तो आपले विष वाढवतो. उलट क्लिंडामायसिनसारखे, प्रथिनेच बनू न देणारे औषध विष कमी करते, म्हणून गंभीर विषारी आजारात डॉक्टर ते जोडीला देतात. दुकानातून दोन गोळ्या घेऊन ताप उतरताच बंद करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. जंतूला न मारता फक्त त्याचा निर्णय बिघडवणारी औषधेही शोधली जात आहेत. कॉलऱ्याच्या टॉक्सटीला जोडी जमू न देणारा व्हिरस्टॅटिन नावाचा रेणू २००५ मध्ये जाहीर झाला. कल्पना सुंदर आहे. रुग्णालयाच्या कपाटात तो अजून आलेला नाही, आणि त्याची वाट पाहत आपण हातात असलेले काम टाकू नये.

ते काम असे. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटाव्हॅलंट, सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान आणि पुन्हा पाच ते सहा वर्षांना त्रिगुणी लशीची बूस्टर मात्रा, आणि दहाव्या व सोळाव्या वर्षी टीडी, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाची लस. शेवटच्या तीन मात्रा सर्वांत जास्त चुकतात, आणि घटसर्प आता मोठ्या मुलांत दिसतो तो मुख्यतः त्यामुळे. इथे जमलेल्या आश्रमशाळांच्या मुख्याध्यापकांना आणि अधीक्षकांना माझी विनंती आहे. पाचवी आणि दहावीच्या हजेरीपटासमोर टीडीचा एक रकाना आखा आणि दिवाळीच्या सुटीपूर्वी तो भरून घ्या.